रांगेत न बसणारा गुडघा

नाट्यगृहांचे पडदे शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘मशीनवाली’ म्हणत. ज्या मशीनवरून हे नाव पडले ते केव्हाच विकले गेले होते. पडद्याच्या लांबलचक उभ्या टिपा आता दुसऱ्या एका मोठ्या कारखान्यातून मारून येत, आणि इथे उरले होते ते खालच्या काठाचे काम. काठ दुमडायचा, दुमडीत वजनाची साखळी सोडायची आणि समोरून एकही टाका दिसणार नाही अशी हातशिलाई घालायची. मशीनच्या विभागातल्या बाकीच्या जणी पोटापाण्यासाठी दुसरीकडे गेल्या. हिला मास्तरांनी ठेवून घेतले, कारण हिचा टाका त्यांना पसंत होता. तेव्हा अडचण टाक्याची नव्हती. अडचण गुडघ्याची होती.

हातशिलाईचे काम एका लांब लाकडी ओट्यावर चाले. बाया ओळीने मांडी घालून बसत आणि पडद्याचा काठ सगळ्यांच्या मांड्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला जाई. टेबल का नाही, असा प्रश्न नवखा माणूस हमखास विचारी. मास्तरांचे उत्तर तयार असे: मखमलीची लव टेबलाच्या कठीण कडेवर दबते, आणि एकदा दबलेली लव रंगमंचाच्या दिव्याखाली जन्मभर दिसते. मांडी मऊ असते. मात्र त्याला एक अट होती. सगळ्या मांड्या एका पातळीत हव्यात. एखादी वर आली की कापड तिथे चढते, टाका तिथे वेगळ्या ताणाने ओढला जातो, आणि पडदा टांगल्यावर नेमका तेवढाच काठ आक्रसून वर उचललेला दिसतो. मास्तर त्याला ‘पडदा हसला’ असे म्हणत. ते तसे म्हणाले की ओट्यावर कुणालाही हसू येत नसे.

मशीनवालीच्या जागी पडदा दर वेळी हसे.

मांडी तिला घालताच येत नव्हती असे नव्हे. पाय दुमडले जात, घोटे एकमेकांवर येत. पण गुडघे जमिनीकडे जायला तयार नसत. इतरांच्या मांड्या पाटासारख्या आडव्या, आणि तिचे दोन गुडघे दोन बाजूंना टेकाडांसारखे उभे. मशीनवर खुर्चीत बसून इतका काळ गेला, तिथे हे कधी कुणाच्या डोळ्यांवर आले नव्हते. तिच्या शेजारी ओट्यावरची सर्वांत जुनी बाई बसे. तिला सगळे ‘थोरली’ म्हणत. थोरलीने पहिल्याच दिवशी तोंड उघडले.

“अगं, गुडघे खाली ठेव की. कुणाची वाट बघतायत ते मान वर करून?”

“खालीच आहेत.”

“मग तुझं ‘खाली’ फार वर आहे बाई.”

एका सभागृहाने पडदा परत पाठवला, तेव्हा मास्तरांनी मशीनवालीला बाजूला घेतले. ते रागावले असते तर तिला बरे वाटले असते. ते समजावणीच्या सुरात बोलले, आणि तेच तिला जास्त झोंबले.

“हे बघ, तुझ्या हाताला मी नाव ठेवत नाही. पण नव्या नाट्यगृहाचा मुख्य पडदा येणार आहे. त्यात एवढंसं हसू निघालं तरी माझं नाक कापलं जाईल. तोवर गुडघा बसव. नाही बसला, तर मागच्या खोलीत घड्या घालायला माणूस हवंच आहे.”

“मागच्या खोलीत सुई नाही, मास्तर.”

“म्हणून तर ‘तोवर’ म्हणतोय.”

मागची खोली म्हणजे तयार पडदे घडी घालून दोरीने बांधण्याची जागा. उजेड बेताचा, बोलायला कुणी नाही, आणि हातात सुईऐवजी सुतळी. रोजगार तोच राहिला असता, हे खरे. पण ओट्यावरची जागा जाणे म्हणजे तिच्या लेखी हातातली विद्या जाणे होते. मशीन गेले तेव्हा ती मूग गिळून बसली होती. सुईसुद्धा जाऊ द्यायची, आणि तीही गुडघ्यापायी, हे तिच्या पचनी पडेना.

गुडघा बसवायचा कसा, ते मास्तरांनी सांगितले नाही. ते सांगायला उरलेले जग होते. नवऱ्याने तेल सुचवले. शेजारणीने वजन कमी करायला सांगितले. मशीनवाली मुळात काडीसारखी होती. थोरली म्हणाली, “दोन्ही गुडघ्यांवर एकेक इस्त्री ठेवून बसत जा. गार इस्त्री हं, नाहीतर म्हणशील मी सांगितलं.” आणि शेवटी या सर्वांचे, एरवी कशावरही न होणारे, एकमत झाले: योगासने कर.

वर्ग एका वाचनालयाच्या वरच्या दालनात भरत असे. तो चालवणाऱ्या योगबाई वयाने मशीनवालीच्याच बरोबरीच्या. पण जमिनीवर बसल्या की त्यांचे गुडघे दोन्ही बाजूंना असे निवांत पडत, जणू त्यांना दुसरी जागाच ठाऊक नव्हती. त्यांनी मशीनवालीला बसवून पाहिले आणि मान हलवली.

“गुडघा बिचारा काय करणार? तुमचा खुबा बंद आहे. मांडीचं हाड कंबरेला मिळतं ना, तो सांधा. आपण सगळं तिथं साठवून ठेवतो. राग, भीती, जुने अपमान.”

“माझ्या खुब्यात?”

“सगळ्यांच्याच.”

“मग आमच्या थोरलीचे खुबे एवढे मोकळे कसे? तिचा राग अख्ख्या कारखान्याला पुरून उरतो.”

योगबाई प्रसन्न हसल्या. तीन महिन्यांत फरक पडेल, असे त्या म्हणाल्या. हा आकडा कुठून आला, ते मशीनवालीने विचारले नाही. विचारायला हवे होते, असे ती पुढे अनेकदा म्हणत असे.

तिने आसने मनापासून केली, यात शंका नाही. ती काटेकोर बाई होती. टाका चुकला तर चार बोटे उसवून पुन्हा घालणारी. तळवे जुळवून गुडघे फुलपाखरासारखे हलवायचे, ते केले. पाठीवर पडून गुडघा छातीशी ओढायचा, पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचे, एक पाय पुढे दुमडून दुसरा मागे सोडत कबुतरासारखी छाती काढायची, तेही केले. कबुतराच्या आसनात तिची अवस्था छपरावरून पडलेल्या कबुतरासारखी होई. घरात भांडी घासायच्या आधी फुलपाखरू, भाजी चिरताना फुलपाखरू. नवरा दारात उभा राहून म्हणे, “उडालीस तर खिडकी उघडी आहे, काच फोडू नकोस.”

याच सुमारास तिची भाची आली. भाची सांध्यांच्या उपचारांचे शिक्षण घेत होती आणि तिच्या महाविद्यालयात एक अभ्यास चालू होता: निरोगी माणसांनी काही काळ ठरावीक आसने केली, तर त्यांच्या खुब्याच्या सांध्याची लवचीकता बदलते का. ‘बदलते का’, असा प्रश्न आहे. ‘किती वाढते’, असा नाही, हे ती प्रत्येकाला बजावत असे. तिला माणसे हवी होती, आणि मावशी आयतीच हाती लागली.

“खुब्याचं काही दुखणं, मावशी? कधी पडलीस, मार लागला?”

“दुखत नाही. नुसता छळतो.”

“म्हणजे निरोगी,” असे म्हणून भाचीने तशी नोंद केली.

भाचीचे साधन म्हणजे शाळेतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटावेत तसे काहीतरी होते. मावशीला कठीण बाकावर निजवून, कंबर पट्ट्याने घट्ट बांधून, पाय वेगवेगळ्या दिशांना नेत तिने कोन घेतले. किती आले, ते मात्र सांगेना.

“अभ्यास संपल्यावर सांगेन. आत्ता सांगितलं तर तू आकड्यासाठी आसनं करशील.”

“मी गुडघ्यासाठी करतेय! माझी जागा जातेय, आणि तू माझ्याच पायाचं माप माझ्यापासून लपवतेस?”

“नियम आहे, मावशी.”

“तुझ्या आईलाही लहानपणी असेच नियम सुचायचे.”

भाची ढिम्म हलली नाही. तेव्हा मशीनवालीने ठरवले की माप घेण्यात जिची हयात गेली तिने कोनमापकवालीच्या तोंडाकडे बघत बसण्याचे काही कारण नाही. घरी भिंतीला पाठ टेकून ती मांडी घाली, उजव्या हाताने टेपची पट्टी जमिनीपासून उजव्या गुडघ्यापर्यंत धरी, वाकून आकडा वाची आणि शेजारच्या कपाटावर खडूने रेघ मारी. पहिली रेघ पाहून तिला रडू कोसळले. पण पुढची रेघ तिच्या खाली आली. त्यापुढची आणखी खाली. कधी एखादी तिथेच राही, पण वर कधी गेली नाही. नवऱ्याला बोलावून तिने रेघा दाखवल्या. तो म्हणाला, “कपाट खराब झालं.” पण त्यालाही बरे वाटले असावे, कारण त्याने ते पुसले नाही.

इतर बदलही होते. बोटावरून पडलेली अंगुस्तानाची टोपी उचलायला आता तिला ओट्यावरून उतरावे लागत नसे. बसल्याजागी कंबरेतून वाकून हात पोचे. वर्गात पाठीवर पडून पाय सरळ वर नेला की तो पूर्वीपेक्षा उंच जाई. योगबाई इतरांना म्हणत, “बघा, हिचा खुबा कसा उघडतोय.” एरवी असल्या बोलण्यावर नाक मुरडणारी मशीनवाली आता गप्प राही. रेघा खाली येत होत्या ना.

खात्री पटल्यावर ती आपण होऊन मास्तरांकडे गेली. “मास्तर, गुडघा बसला. पडदा येण्याआधी एकदा पाहून घ्या.”

मास्तरांनी एका छोट्या सभागृहाचा पडदा ओट्यावर पसरवला. सगळ्या जणी बसल्या. मशीनवालीने उजवा गुडघा दाबून पाहिला आणि सुई चालवायला सुरुवात केली. दुपारपर्यंत काठ पुरा झाला. तिच्या टाक्यात खोट नव्हती; थोरलीने कापड उलटून पाहिले आणि काही बोलली नाही, म्हणजे प्रशस्तीच. मग पडदा कारखान्यातल्या उंच दांडीवर चढवला गेला. मास्तर मागे मागे सरकत भिंतीपाशी गेले, एक डोळा मिटून काठाकडे पाहू लागले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

पडदा हसला होता, आणि तेही पूर्वीसारखा नव्हे. पूर्वी दोन जागी थोडा थोडा उचलला जाई. आता एकाच जागी, तिच्या डाव्या गुडघ्याच्या बाजूला, तोंड वेंगाडल्यासारखा वर गेला होता.

“हे बसणं म्हणायचं?” मास्तर हळूच म्हणाले.

“मी मोजलंय, मास्तर. रेघा आहेत घरी.”

“रेघा टांगायच्या का मी नाट्यगृहात?”

ओट्यावर कुणीतरी फिस्सकन हसले. दुसऱ्या दिवसापासून मशीनवाली मागच्या खोलीत गेली.

तिथे तिने पडद्यांना ज्या गाठी मारल्या त्या सोडवताना नाट्यगृहांच्या माणसांच्या नाकी नऊ आले असणार. इतकी घट्ट गाठ रागावाचून बसत नाही. तिचा राग नेमका कुणावर होता, हे मात्र तिलाही ठरवता येत नव्हते. मास्तरांचे चुकत नव्हते. योगबाई खोटे बोलत होत्या असेही नाही. वर्गातल्या कितीतरी जणी त्यांच्यापुढे मांडी घालून आरामात बसत. गुडघा दुखत नव्हता, सुजला नव्हता. आजार असता तर औषध मागता आले असते. काहीही झालेले नाही आणि तरी जमत नाही, अशा माणसाने कुणाच्या दारात जाऊन भांडायचे?

ती भाचीच्या दारात गेली. अभ्यास संपला होता, शेवटचे माप द्यायचेच होते. पुन्हा तोच कठीण बाक, तोच पट्टा. भाचीने सगळे कोन दोनदोनदा घेतले, आणि मग प्रथमच आकड्यांविषयी बोलली.

“पाय सरळ वर उचलायचा कोन वाढलाय तुझा. खरंच वाढलाय. पण वर्गात दिसतो तेवढा नाही. वर्गात पाय वर जातो तेव्हा कंबरेच्या हाडांची सगळी परातच मागं कलते, आणि आपल्याला वाटतं खुबा मोकळा झाला. मी पट्टा बांधते तो त्यासाठी.”

“आणि गुडघा बाहेर पाडायचा कोन?”

“जवळजवळ तिथंच आहे. जो काय फरक आहे, तो माझ्या मोजण्यातल्या चुकीत मावेल.”

“पण पाय वर जायला लागला, तो तरी आसनांनीच ना? स्नायू लांबले ना माझे?”

“लांबले असतील. किंवा ताण सोसायची सवय झाली असेल, म्हणून जास्त ताणू देतेस. ते मला एवढ्यावरून सांगता येणार नाही.”

“म्हणजे काय झालं ते तुला माहीत नाही, आणि काय झालं नाही तेवढं माहीत आहे. याला शिक्षण म्हणतात?”

“यालाच म्हणतात, मावशी.”

भाचीने तिचा पाय दुमडून गुडघा हलकेच बाहेर नेला आणि शेवटाला थांबवला. “इथं बघ. काही जणांचा पाय इथं रबरासारखा ताणून थांबतो. थोडं दाबलं तर थोडा आणखी जातो. तुझा दार चौकटीला लागावं तसा थांबतोय. बहुधा तुझ्या खुब्याची खोबणच तशी घडलेली आहे. ‘बहुधा’ म्हणतेय हं. आत डोकावून मी पाहिलेलं नाही, आणि निरोगी माणसाचे फोटो उगाच काढत नाहीत.”

मशीनवाली बाकावर पडल्या पडल्या छताकडे पाहत राहिली. “आकसलेलं कापड पाणी मारून, इस्त्री फिरवून ताणता येतं,” ती म्हणाली. “बेतलेलंच आखूड असेल तर?”

“तर नाही येत.”

“आणि तुझ्या अभ्यासातले बाकीचे?”

“सरासरी थोडी वाढली. पण कुणाची बरीच, कुणाची काहीच नाही. एकीची खूप वाढली, ती मुळातच सैल होती. माणसं थोडी होती, काळ थोडा होता. सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही.”

“त्या सरासरीला सांग ओट्यावर येऊन मांडी घालायला.” मग ती एकदम उठून बसली. “थांब. खोटं बोलतेस तू. माझ्या रेघा खाली आल्यात. कपाटावर आहेत.”

“कशा मोजल्यास? करून दाखव.”

मशीनवाली खाली बसली, भिंतीला पाठ टेकली, मांडी घातली. पिशवीतला टेप काढून उजव्या हाताने गुडघ्याशी धरला आणि आकडा वाचायला वाकली. वाकली, आणि तिथेच थांबली.

शिवणाच्या धंद्यातला तो पहिला धडा असतो. स्वतःचे माप स्वतः घ्यायचे नाही. टेप वाचायला माणूस वाकतो, आणि वाकले की अंग बदलते. स्वतःची मापे कागदावर लिहून आणणाऱ्या कितीतरी बायकांना तिने पूर्वी, घरी कपडे शिवून देत असताना, ऐट मिरवत परत पाठवले होते. आता ती उजवीकडे वाकली की भार उजव्या बैठकीवर जात होता, उजवा गुडघा खाली दबत होता आणि डावा तितकाच वर उठत होता. रोज ती थोडी जास्त वाकायला शिकली होती. आसनांनी तेवढे मात्र नक्की साधले होते. कपाटावरच्या रेघा गुडघ्याच्या नव्हत्याच. त्या वाकण्याच्या होत्या. आणि चाचणीच्या दिवशीही ती उजवा गुडघा जपत तशीच कलून बसली होती.

“माझ्या मास्तरांना कळलं ना, तर ते मला मागच्या खोलीतूनही काढतील,” ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला नव्हता; तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

भाची पट्टा गुंडाळत होती. “मावशी, तुझ्या मास्तरांना नक्की हवंय काय? गुडघा?”

“मांडी. सगळ्यांच्या पातळीत.”

“मग पाय दुमडलेलाच पाहिजे, असं ते म्हणालेत का कधी?”

तसे कुणीच कधी म्हटले नव्हते. म्हणायची वेळच आली नव्हती. ओट्यावर दुसरे बसणार तरी कसे?

दुसऱ्या दिवशी घड्या टाकून ती ओट्यापाशी गेली. ओटा पोकळ होता. खाली कात्रणांची पोती कोंबलेली. तिने आपल्या जागेपुढची फळी ठोकून पाहिली आणि मास्तरांना हाक मारली.

“मास्तर, ही एवढी फळी काढा. मी ओट्यावरच बसेन, पाय खाली सोडेन. मांडी आडवी राहील, सगळ्यांच्या बरोबरीनं.”

“ओट्याला भोक पाडायचं?” मास्तरांचा आवाज चढला. “माझ्या आधीच्या मास्तरांनी घातलेल्या फळ्या आहेत त्या. इथं सगळ्या मांडी घालून बसत आल्या. आज तुझा पाय लोंबतोय, उद्या म्हणतील आम्हाला खुर्च्या आणा.”

“खुर्चीची पातळी जुळत नाही. ही जुळेल. दोरी लावून बघा.”

“काही बघायचं नाही.”

तेवढ्यात थोरली सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, “मास्तर, नाक कापून घेण्यापेक्षा फळी कापा. स्वस्त पडेल.”

या वेळी ओट्यावर सगळ्याच हसल्या. मास्तर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनवाली आली तेव्हा फळी निघालेली होती, कडा कानशीने घासलेल्या होत्या, आणि मास्तर कुणी विचारले नसतानाही सांगत होते की ती फळी नाहीतरी कुजलीच होती. ती मुळीच कुजलेली नव्हती. पुढे बरेच दिवस ती भिंतीला टेकून उभी होती, खणखणीत.

मोठा पडदा आला. गर्द लाल मखमल, उचलायला सगळ्या जणी लागल्या. मशीनवाली आपल्या जागी बसली, पाय फटीतून खाली सोडले आणि कापड मांडीवर ओढून घेतले. मास्तर ओट्याच्या टोकाशी ओणवे होऊन पाहत होते. रांग पाण्यासारखी सपाट होती. काम कित्येक दिवस चालले, आणि पडदा दांडीवर चढला तेव्हा मास्तर नेहमीसारखे एक डोळा मिटून भिंतीपाशी गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले आणि शेवटी म्हणाले, “उतरवा.” त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकलेली नव्हती. मशीनवालीची जागा राहिली.

इथे तिची तक्रार संपायला हवी होती. पण योगबाईंना ही बातमी कुणाकडून कळली, कोण जाणे. नवऱ्यावर तिचा संशय आहे, तो नाकबूल करतो. वर्गात त्यांनी जाहीर केले की आपल्या एका विद्यार्थिनीची गेलेली जागा आसनांनी परत मिळाली. मशीनवालीने तिथल्या तिथे हात वर केला. “बाई, गुडघा होता तिथंच आहे. फळी काढलीय.”

“विनय हासुद्धा योगाचाच भाग आहे,” योगबाई म्हणाल्या.

“विनय नाही हो. फळी!”

तिने एकदा वर्गानंतर त्यांना गाठून खुब्याची खोबण, पट्टा, सरासरी असे सगळे समजावून सांगितले. योगबाईंनी शांतपणे ऐकले आणि प्रामाणिकपणे कबूल केले की त्या स्वतः लहानपणापासूनच अशा बसतात. आसने शिकण्याआधी आपला गुडघा कुठे होता, ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. ज्यांचे खुबे मुळात सैल त्यांनाच असली आसने आवडतात, आणि ज्यांना आवडतात त्याच शिकवायला उभ्या राहतात, असे मशीनवालीच्या मनात आले. ती बोलली नाही. बोलून काय होणार, तो अनुभव ताजा होता. तरी तिने वर्ग सोडला नाही. पाठ मोकळी वाटते, एवढेच कारण ती देते, आणि ‘वाटते’ या शब्दावर जोर देते.

मग एके दिवशी योगबाई वर्गातल्या चार जणींना घेऊन कारखाना पाहायला आल्या. ओट्यावर निळा पडदा पसरलेला होता आणि सगळ्या मांड्या त्याखाली झाकलेल्या होत्या. मास्तरांनी हात फिरवत अभिमानाने सांगितले, “आमच्याकडं सगळ्या मांडीला मांडी लावून बसतात.”

योगबाईंनी मशीनवालीकडे बोट केले. “हीच ती. काय ताठ उभा असायचा हिचा गुडघा! आता बघा, कसा पाटासारखा बसलाय. तीन महिने.”

चौघी जणी वाकून पाहू लागल्या. मशीनवालीने सुई कापडात खोचली, दोन्ही हातांनी काठ उचलला आणि फटीतून खाली सोडलेले पाय सर्वांना दिसतील असे हलवून दाखवले. एक चप्पल खाली पोत्यांवर पडली.

मास्तर छताकडे पाहू लागले.

“तेच तर म्हणतेय मी,” योगबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता यत्किंचितही ढळली नाही. “इतका वेळ पाय खाली सोडून बसायलासुद्धा खुबा मोकळाच लागतो.”

चौघींनी माना डोलावल्या. मशीनवालीने कपाळाला हात लावला. त्या हाताच्या बोटात अंगुस्तान होते, ते टक्कन वाजले. खुर्चीत बसणारा जगातला प्रत्येक माणूस, तिने बोलायला सुरुवात केली, प्रत्येक माणूस, अगदी लहान पोरसुद्धा—

“अगं, काठ सोड आधी, लव दबतेय,” थोरलीने तिला कोपर मारले. “ओढ दोरा. पडद्याला काय कळतंय तुझा पाय कुठाय ते.”

मशीनवालीने काठ खाली सोडला, हाताच्या तळव्याने लव सारखी केली आणि पुढचा टाका घातला. पाहुण्या जिना उतरून गेल्यावर थोरली तिच्याकडे न बघता, नेहमीपेक्षा बऱ्याच हळू आवाजात म्हणाली, “ती मास्तरांची कानस कुठं असते गं? माझ्या पुढची फळीसुद्धा जरा कुजल्यासारखी वाटतेय.”